मेंढा (लेखा) की लेखा-मेंढा? गावाच्या नावात कंस कुठून आला?

कागलची पोर:

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची कागल तालुक्यातली, पाच महिन्यांपूर्वी नोकरीसाठी गडचिरोलीला आले. एका छोट्या संस्थेत रेकॉर्डचं काम बघते, म्हणजे गावांच्या याद्या, ग्रामसभेच्या ठरावांच्या झेरॉक्स, बँकेचे कागद, कुणाचं काय कुठं अडलंय ते बघणं. धानोरा तालुक्याच्या यादीत एक गाव आहे, त्याच्या नावानं मला हैराण केलंय. एका कागदावर 'मेंढा', दुसऱ्यावर 'मेंढा (लेखा)', पेपरच्या कात्रणात 'लेखा-मेंढा', आणि आमच्याच ऑफिसच्या जुन्या फायलीवर 'मेंढा लेखा', तिथं ना कंस ना रेघ. मागच्या महिन्यात एका ठिकाणाहून कागद परत आला, का तर म्हणे गावाचं नाव दोन ठिकाणी जुळत नाही आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये कंस टाईपच होत नाही. त्या एका कंसापायी अठरा दिवस गेले. ज्यांचं काम होतं ते काका तेवढ्यात दोनदा एसटीनं येऊन गेले, रागावले नाहीत, नुसतं "होईल ना ताई" म्हणाले, आणि त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

परवा ऑफिसच्या गाडीतून धानोऱ्याकडं जाताना ते गाव रस्त्यात लागलं. गडचिरोलीपासून तीसएक किलोमीटर असेल. गाव म्हणजे किती, शंभराच्या आसपास घरं, सारवलेली अंगणं, कुडाची कुंपणं, मागं लगेच जंगल चालू. ड्रायव्हरदादांनी गाडी हळू केली आणि बोर्ड दाखवला, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. मी वळून वळून बघत राहिले. एवढं ठणकावून सांगणारं गाव, आणि त्याच्या स्वतःच्या नावात मात्र कंसात दुसऱ्या गावाचं नाव!

आमच्या कागलकडं कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन गावं आहेत, त्यामुळं नावाला काहीतरी जोडलेलं असतं हे मला नवं नाही. पण कसबा काय मौजे काय, ते त्या गावाचंच वर्णन झालं. दुसऱ्या गावाचं नाव कंसात घेऊन जगायचं हे मला कसंतरीच वाटलं. लग्नानंतर माझ्या सगळ्या कागदांवर कंसात माहेरचं नाव आलंय, कदाचित म्हणून मला ते जास्त टोचत असेल.

तर विचारायचं असं की हे एक गाव आहे की दोन? कंस कुणी घातला आणि का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी कागदावर नेमकं काय लिहू? त्या भागातलं कुणी इथं असेल तर प्लीज सांगा.


जुना पटवारी:

ताई, तुमचा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी महसुलात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी चंद्रपूर-गडचिरोलीकडं. शासनाच्या कागदावर तेव्हा तलाठी, पण इकडं लोक अजून पटवारीच म्हणतात, म्हणून हे नाव घेतलंय.

पहिल्यांदा कंसाचं मनाला लावून घेऊ नका. तो कंस म्हणजे पत्ता आहे, नातं नाही. मेंढा नावाची गावं आमच्या विदर्भात बरीच आहेत. नागभीड तालुक्यात किरमिटी मेंढा आहे, सिंदेवाहीकडं मेंढा माल आहे, आणखीही निघतील. आता नुसतं 'मौजा मेंढा' लिहिलं की तहसीलमधला माणूस विचारणारच, कुठलं मेंढा? मग जवळचं ठळक गाव सांगायचं, लेखाजवळचं मेंढा. बोलताना लोक सहज म्हणतात ते कागदावर उतरवताना कंस आला, एवढाच त्याचा जन्म. त्यात परत पंचायत लेख्याची होती, गट ग्रामपंचायत, तिच्यात मेंढा आणि आजूबाजूची गावं, म्हणून ते नाव आणखीच चिकटलं.

तुमच्याकडं बुद्रुक आणि खुर्द चालतं ना, तेही हेच काम करतं. बुद्रुक मूळचं फारसी, बुजुर्ग म्हणजे थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं. पुण्याचं आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द घ्या नाहीतर कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द घ्या. आता त्यातलं कुठलं थोरलं राहिलंय कुठलं धाकटं ते बिल्डरलाच ठाऊक, पण नाव चिकटलं ते चिकटलं. अमरावतीकडं एक नांदगाव खंडेश्वर, एक नांदगाव पेठ. नुसतं नांदगाव म्हणून गाडीत बसलात तर कुठं उतराल सांगता येत नाही.

पण आमच्या चांद्याकडची, म्हणजे चंद्रपूरकडची, शेपटं निराळी आहेत आणि मला ती फार आवडतात, कारण एकेका शब्दात जमिनीची अख्खी कहाणी आहे. तुकूम घ्या. गोंड राजांच्या काळात जो कुणी तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन मिळायची, ती तुकूम. आज चंद्रपूर शहरात तुकूम म्हणून मोठी वस्ती आहे, तिथं फ्लॅट आहेत, दवाखाने आहेत, रोज लोक ऑटोवाल्याला 'तुकूम चलो' म्हणतात, आणि आपण कुणाच्यातरी तलावाच्या बक्षिसाचं नाव घेतोय हे कुणाच्या ध्यानात नसतं. तसंच रयतवारी, म्हणजे रयतेनं थेट सरकारकडून घेतलेली जमीन, ते तर कोळसा खाणीच्या नावात जाऊन बसलंय. आणि रिठ. रिठ म्हणजे कागदावर मौजा आहे, शीव आहे, सातबारे आहेत, पण माणूस एक राहत नाही, गाव कधीकाळी उठून गेलेलं. नवीन असताना एका रिठावर पंचनाम्याला गेलो होतो, तिथं एक चिंच, एक मोडका पार आणि पाराखाली शेंदूर लावलेला दगड, बाकी सगळं रान. शेंदूर ताजा होता. गाव उठून गेलं तरी कुणीतरी येऊन तो लावत होतं. ते अजून डोळ्यासमोर आहे.

नावात चूक झाली तर काय होतं ते मी पाहिलंय. एकाच नावाची दोन गावं, एकाच्या नोटिशी दुसऱ्याकडं गेल्या, कोतवाल सायकलवर भर उन्हात तिकडं जाऊन आला, तिथं त्या नावाचा माणूसच नाही, आणि ज्याला मिळायला पाहिजे होती त्याची तारीख निघून गेली. शेतकरी माणूस, जमिनीची केस, काय बोलणार. तेव्हापासून मी नाव पूर्ण लिहायचो, वर मौजा, तालुका, जिल्हा सगळं.

तर तुम्हाला सल्ला असा की प्रत्येक गावाला जनगणनेचा कोड नंबर असतो, २०११च्या जनगणनेत तो सहा आकडी आहे. तुमच्या यादीत नावाशेजारी एक रकाना करून तो नंबर टाका. कंस टाईप होवो न होवो, नंबर चुकत नाही. आणि ज्या कॉम्प्युटरात कंस बसत नाही तिथं मेंढा लेखा असं लिहून खाली नंबर द्या, ते चालतं. बाकी मेंढ्याबद्दल तिथल्याच कुणी लिहिलं तर बरं, मी त्या सर्कलला कधी नव्हतो.


कठाणीकाठचा:

दोन गावं आहेत जी. लेखा वेगळं, मेंढा वेगळं. मी धानोऱ्याचा, माझी मावशी तिकडच्याच एका गावात दिली आहे म्हणून लहानपणापासून येणं-जाणं. पटवारी साहेबांनी बरोबर सांगितलं पण मले त्यात एक गोष्ट जोडाची आहे, ती ताईच्या कामाची आहे.

हे नाव नुसतं पत्त्यापुरतं राहिलं असतं तर मी काही लिहिलं नसतं. पण पेपरवाले लेखा-मेंढा, लेखा-मेंढा लिहून लिहून त्याचं एकच गाव करून टाकलं. आणि सगळी गोष्टच तर तिथं आहे, की मेंढा हे गाव स्वतः एकटं निर्णय घेतं. गट पंचायत नाही, गाव. छोटं असलं तरी गाव. तुम्ही लेखा-मेंढा लिहिता तेव्हा वाचणाऱ्याले वाटते का हे सारं पंचायतीनं केलं. पंचायतीनं नाही केलं बाप्पा, ग्रामसभेनं केलं.

ग्रामसभा म्हणजे गावातली सारी मोठी माणसं, बाया आणि माणसं, निवडून आलेले पाच-सात जण नाही. १९९६च्या पेसा कायद्यात, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्यात, आणि मग २००६च्या वनहक्क कायद्यातही हे आहे की आदिवासी भागात जी वस्ती आपला कारभार आपण पाहते तिची ग्रामसभा वेगळी, मग ते टोला असो का पाडा असो. २००९ साली मेंढ्याले जो सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला, साधारण १८०० हेक्टर जंगलाचा, तो मेंढ्याच्या ग्रामसभेच्या नावानं मिळाला. त्याच वेळी शेजारच्या मर्दा गावालेही मिळाला. देशात सगळ्यात आधी सामूहिक हक्क मिळालेली ही गावं. आता सांगा, त्या कागदावर नाव चुकलं तर हक्क कोणाचा? म्हणून म्हणतो, नावाची गोष्ट बारीक नाही.

आमच्याकडचे म्हातारे सांगतात ते असं, की आधी जमीनदारी होती, तरी लोकांले जंगलातून लाकूडफाटा, बांबू, मोहफूल, चारोळी आणायचा निस्तार, म्हणजे घरच्या गरजेपुरता हक्क, होता. १९५० च्या कायद्यानं जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारकडं आलं, आणि हळूहळू निस्तार कागदावरच राहिला. घराच्या कुडाले बांबू आणला तरी चोर, आणि तोच बांबू कागद कारखान्याले लीजवर. ट्रकच्या ट्रक जायचे. आमच्या जिल्ह्यात तीन भाग जंगल आणि एक भाग बाकी सारं, तिथं राहणाऱ्यालेच जंगलात जायले भीती, हे कसं वाटत असेल विचार करा.

मग ८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम अशी दोन मोठी धरणं होणार होती, त्यात आमचं इकडचं किती जंगल आणि किती गावं बुडाली असती. त्याच्या विरोधात जंगल बचाव मानव बचाव आंदोलन झालं, त्याचे पुढारी लालश्यामशाह महाराजांचं नाव आजही लोक हात जोडून घेतात. धरणं थांबली. मेंढ्याचे देवाजी तोफा त्याच काळात तयार झाले. मोहनभाऊ, म्हणजे मोहन हिराबाई हिरालाल, चंद्रपूरचे, वृक्षमित्र संस्थेचे, ते असं एक गाव शोधत होते जे खरोखर आपले निर्णय आपण घेईल, ते मेंढ्याले येऊन टिकले. ताई, तुम्ही नावाचं लिहिलं म्हणून सांगतो, मोहनभाऊ आपल्या नावात आधी आईचं नाव लावायचे, मग बापाचं. आडनाव नाही. भाऊ आता नाहीत.

तो बोर्ड तुम्ही मराठीत पाहिला. गोंडीत म्हणतात, मावा नाटे मावा राज. नाटे म्हणजे गावात. मी गोंड नाही पण हे आमच्या तोंडात लहानपणापासून आहे.

गोटुलची गोष्ट पण सांगतो. गोटुल म्हणजे गोंड पोरापोरींनी एकत्र जमायची, गाणं-नाचणं, शिकणं, सारं करायची जागा. मेंढ्याचं मोडलं होतं. गावानं ठरवून जंगलातला साग आणून पुन्हा बांधलं. वनखात्यानं ते पाडलं. गावानं मारामारी नाही केली, पुन्हा बांधलं, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापल्या गावात गोटुल उभारलं. आता किती पाडता? तेव्हापासून लोकांले कळलं का एकत्र राहिलं तर होते.

अन बांबूचं तर साऱ्यांले माहीतच असेल. हक्काचा कागद २००९ ले मिळाला पण बांबू विकाले वाहतूक पास पाहिजे, तो देईनात. म्हणे बांबू म्हणजे झाड. १९२७च्या वन कायद्यात तसं होतं. २००६च्या कायद्यात मात्र बांबू गौण वनउपजात लिहिला आहे, म्हणजे मोहफूल-चारोळीसारखा, इमारती लाकडात नाही. मग २७ एप्रिल २०११ ले केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याले आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते, आणि पासचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं. म्हणजे पास लिहिणारं गाव, सही करणारं गाव. त्या दिवशी मी धानोऱ्याहून गेलो होतो, ऊन असं का पायाखालची माती तापलेली, पण माणूस हलला नाही. पहिल्याच हंगामात बांबूचे पैसे कोटीच्या घरात गेले. ग्रामसभेच्या नावानं पॅन कार्ड आहे जी! पाचशेच्या आसपास माणसांचं गाव आहे आणि ते स्वतः टेंडर काढते.

तर माझं म्हणणं, मेंढा लिहा. कंस पाहिजे तर कंसात लेखा. पण लेखा-मेंढा नका लिहू.


वाटेवरची माणसं:

कठाणीकाठचा दादा, काय सुंदर लिहिलंत. मी नाशिकची, काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गातले आम्ही सहाजण मेंढ्याला दोन दिवस राहिलो होतो, ते सगळं आठवलं.

आम्हाला आधीच सांगितलं होतं की इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक अभ्यासगट आणि एक ग्रामसभा. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बसू शकतो, बोलू शकतो, कायदा समजावून सांगू शकतो, वाद घालू शकतो. ग्रामसभेत निर्णय मात्र गावाचाच, तिथं पाहुण्यांनी गप्प बसायचं. मला हा फरक तेव्हा नुसता नियम वाटला, नंतर कळलं की सगळ्याचं मूळ तिथं आहे. आपल्याकडं गावात कुणी शहाणा बाहेरून आला की तोच बोलतो आणि गाव माना डोलावतं. इथं शहाण्याला बोलायला जागा दिली आहे, पण ठरवायला नाही.

ग्रामसभा बसली ती संध्याकाळी. जेवणं उरकून लोक आले. प्रत्येक घरातून एक पुरुष आणि एक बाई यायचीच, अशी पद्धत. बायका मागं कोपऱ्यात नव्हत्या, मधेच बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल, एक जण बसल्या बसल्या दोरी वळत होती. बोलणं बरंचसं गोंडीत, आम्हाला एक शब्द कळत नव्हता, शेजारची एक मुलगी मधेमधे कानात मराठीत सांगायची. विषय अगदी साधा होता, जंगलात कुठल्या भागात यंदा जायचं आणि कुठला भाग सोडायचा असं काहीतरी. तासभर चाललं. एक आजी होत्या, त्यांना ते पटत नव्हतं. त्या फार बोलल्याही नाहीत, दोनदा नाही म्हणाल्या आणि गप्प बसल्या. मला वाटलं आता हात वर करा म्हणतील आणि विषय संपेल, कारण बाकी सगळे तर एका बाजूला दिसत होते. तसं झालंच नाही. विषय पुढच्या बैठकीला ठेवला. त्या मुलीला मी विचारलं, एकट्या आजींसाठी? ती म्हणाली, "मग, त्या पण गावातल्याच ना."

तिथं बहुमत नाही, सर्वसहमती आहे. मी माझ्या सोसायटीच्या मीटिंगा आठवल्या, एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास करून ठराव पास होतो आणि पुढची तीन वर्षं ते एकोणपन्नास लोक जिन्यात तोंड फिरवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात नेलं. आम्हाला सगळी झाडं सारखीच दिसत होती, पण बरोबरच्या काकांनी बांबूच्या एका बेटापाशी उभं राहून दाखवलं की कोवळा कोंब कुठला, एका वर्षाचा कुठला, आणि तोडायचा तो कुठला, कसा कापला तर खालचं बेट मरत नाही, कुठं पाणी साचून कुजतं. बोट लावून लावून दाखवत होते. मालक असा बघतो, असं मला त्या क्षणी वाटलं. भाडेकरू नाही, मजूर नाही, मालक. आणि तरी मालकी एकट्याची नाही, हे दोन्ही एकदम.

कागलच्या ताई, तुम्ही नक्की जाऊन राहा. आधी ग्रामसभेला विचारा पण, परस्पर जाऊ नका.


कागलची पोर:

बापरे, एवढं सगळं! मी दुपारी डबा खाता खाता वाचायला घेतलं आणि डबा तसाच राहिला. पटवारी काका, जनगणनेच्या नंबरची आयडिया आजच केली, रकाना तयार आहे. कठाणीकाठचे दादा, तुमचं लेखन मी आमच्या मॅडमना वाचून दाखवलं, परवानगी न विचारता, माफ करा.

एक विचारू का, वाईट वाटून घेऊ नका. सर्वसहमती ऐकायला छान आहे पण एक माणूस मुद्दाम अडून बसला तर? आमच्या भावकीत एक काका आहेत, वाटणीच्या कागदावर गेली नऊ वर्षं सही करत नाहीत, सगळं घर थांबलंय. गावाचं तसं होत नाही का?


कठाणीकाठचा:

प्रश्न बरोबर आहे, वाईट कशाले वाटन. मी पण हे विचारलं होतं.

पहिलं म्हणजे लवकर होत नाही, हे खरं आहे. एकेक गोष्ट महिना महिना चालते, कधी त्याहून जास्त. दारूचं घ्या. बायांनी विषय काढला तेव्हा लगेच नाही झालं. गोंड समाजात देवाले मोहाची लागते, लग्नाले लागते, मरणाले लागते, मग एकदम बंद कशी? बोलत बोलत कुठपर्यंत चालन आणि कुठपर्यंत नाही चालन हे ठरलं. लादलं असतं तर चोरून चाललं असतं.

जमिनीचं त्याहून मोठं. २०१३ ले गावानं ग्रामदान केलं. आपल्या राज्यात १९६४ चा ग्रामदान कायदा आहे, विनोबांच्या काळातला, लोक विसरले होते. त्यात जमिनीची मालकी गावाच्या नावानं होते, कसणारा तोच राहते, त्याच्या पोरांले पण मिळते, पण बाहेरच्याले विकता येत नाही. आणि ज्यांच्याजवळ जमीन नाही त्यांच्यासाठी प्रत्येकानं विसावा हिस्सा काढाचा. आता सांगा ताई, सातबारा गावाच्या नावानं कर म्हटलं तर तुमच्या भावकीत किती जण तयार होतील? इथं साऱ्या घरांनी केलं. ते एका बैठकीत नाही झालं, कितीक वर्षं बोलणं चालू होतं. तुमच्या काकाचं आणि या गावाचं वेगळं काय असन तर तुमच्या काकासोबत नऊ वर्षांत किती वेळा बसून बोलले? का नुसते कागद घेऊन सहीले गेले? मी भांडत नाही जी, खरंच विचारतो. आमच्या घरी पण एक असंच प्रकरण आहे आणि आम्ही पण नुसते कागदच नेले.


जुना पटवारी:

ग्रामदानाचा मुद्दा चांगला काढलात. महसुलात असताना ग्रामदान हा शब्द आम्ही नुसता परीक्षेपुरता वाचला होता, नमुने भरायला प्रत्यक्षात येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

ताई, आणखी एक. वर म्हटलं तसं कंस म्हणजे पत्ता. पण पत्ता सांगताना आपण ठळक गावाचं नाव घेतो. आज बाहेरच्या माणसाला लेखा कुठं विचारलं तर तो म्हणतो, मेंढ्याजवळ. मी काल माझ्या नातवाला विचारलं, तो पुण्याला शिकतो, त्यानं मेंढ्याचं नाव ऐकलंय, लेख्याचं नाही. म्हणून लेख्याच्या लोकांचंही वाईट वाटतं हो, तेही जुनं गाव, त्यांचंही जंगल, त्यांच्याही ग्रामसभा. दोन्ही नावं सुटी लिहावीत हे त्यांच्याही बाजूनं बरोबर आहे.


कागलची पोर:

कठाणीकाठचे दादा, तुमचा प्रश्न लागला मला. खरं सांगते, नऊ वर्षांत दोनदा बसलो असू, तेही वकिलाच्या ऑफिसात. काल रात्री आईला फोन करून विचारलं की काकांना नेमकं काय पाहिजे होतं, तर आईलाही माहीत नाही. वडिलांनाही नाही. पुढच्या महिन्यात बेंदराला घरी जातेय, तेव्हा काकांकडं नुसती जाऊन बसणार आहे, कागद न घेता.

आणि आज आमच्या ऑफिसच्या यादीत बदल केला. एकशे बारा गावांच्या त्या तक्त्यात 'लेखा-मेंढा' ही एक ओळ होती, ती खोडली आणि दोन ओळी केल्या, एक लेखा, एक मेंढा (लेखा), दोन्हीपुढं आपापला कोड नंबर. मर्दा तर यादीत नव्हतंच, तेही घातलं. जुन्या फायलीवरचं लेबल सोलून काढलं आणि नवं चिकटवलं. ते काका सोमवारी परत येणार आहेत, त्यांचा कागद तयार ठेवलाय, त्यावर कंस पेनानं घातलाय.